शितावरून भाताची परीक्षा : पहिल्या सामन्यांवरून संघाचे बल कसे जोखावे?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपली म्हण सांगते. ही म्हण खरी का ठरते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. एका पातेल्यात, एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेले तांदळाचे सारे दाणे जवळजवळ सारखेच शिजतात. म्हणूनच एक शीत दाबून पाहिले की साऱ्या भाताचा अंदाज येतो. जेथे दाण्यादाण्यांत अंतर असते तेथे मात्र ही परीक्षा फसते. शेंगदाण्यांच्या राशीतून एक खवट दाणा हाती लागला, म्हणून सारी रास खवट ठरत नाही.

खेळाचे सामने हे भाताच्या शितांसारखे नसून शेंगदाण्यांसारखे असतात. इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेत 2015 साली मुंबई संघाने पहिले चारही सामने गमावले. सहा सामने झाले तेव्हा त्याच्या नावावर एकच विजय होता. त्या घटकेला निकाल द्यावयाचा, तर संघ दुर्बल आहे असेच कोणीही म्हटले असते. परंतु साखळीतील उरलेल्या आठ सामन्यांपैकी सात त्याने जिंकले आणि अखेर विजेतेपदही मिळविले. आता 2022 सालचे उदाहरण घ्यावे. त्या वर्षी याच संघाने पहिले आठ सामने गमावले, आणि हंगामाच्या शेवटी तो दहा संघांत दहावा आला. एकदा आरंभाने फसविले, एकदा आरंभाने खरे सांगितले. मग आरंभावर विश्वास ठेवावा तरी किती? या प्रश्नाला गणिताजवळ बरेच निश्चित उत्तर आहे.

आभासी साखळी

हे उत्तर समजून घेण्यासाठी आभासी बेसबॉल साखळी फार उपयोगी पडते. बेसबॉल हा अमेरिकेचा लोकप्रिय खेळ. त्यातही एक जण चेंडू फेकतो, दुसरा तो दांड्याने टोलवितो आणि धावा मोजल्या जातात. हा खेळ मैदानावर न उतरता खेळण्याची युक्ती जुनी आहे. हॅल रिचमन यांनी 1961 साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा खेळ विक्रीस आणला. त्यात प्रत्येक खेळाडूची एक पत्रिका असे आणि फासे टाकून त्या पत्रिकेवरून निकाल ठरत असे. पुढे फाशांचे काम संगणकाने हाती घेतले आणि पत्रिकांची जागा आकड्यांच्या कोष्टकांनी घेतली. आंतरजालामुळे दूरदूरच्या गावी बसलेले हौशी लोक एकेका संघाचे चालक होऊन साखळी खेळू लागले. 2020 साली महामारीमुळे मैदाने ओस पडली असता अशा आभासी सामन्यांनीच अनेकांची हौस भागविली.

आपल्या वाचकांना ही कल्पना अपरिचित वाटू नये. गाझियाबादच्या शाळेत असो वा साताऱ्याच्या, मधल्या सुटीत मुले पुस्तकाची पाने उघडून क्रिकेट खेळतात. उघडलेल्या पानाच्या क्रमांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, आणि शून्य आले की गडी बाद. आभासी बेसबॉल हे याच खेळाचे सुधारलेले रूप होय. भेद इतकाच की, पुस्तकाच्या खेळात सारे फलंदाज सारखेच असतात, तर संगणकाच्या खेळात प्रत्येकाचे बल वेगळे लिहून ठेवलेले असते. एखाद्या फलंदाजाचे बल हजारांत 280 असे नोंदविले असेल, तर संगणक 1 ते 1000 मधील एक संख्या यदृच्छेने निवडतो. ती 280 किंवा त्याहून लहान निघाली तर फटका साधला, अन्यथा नाही. चेंडू फेकणाऱ्याच्या बलानुसार या आकड्यात फेरफार होतो, परंतु तत्त्व हेच.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मैदानावरील संघाचे खरे बल कोणालाच दिसत नाही, दिसतात ते केवळ निकाल. आभासी साखळीत मात्र बलाचे आकडे संगणकात आधीच लिहिलेले असतात आणि तोच हंगाम हजार वेळा पुन्हा खेळविता येतो. त्यामुळे निकालात बलाचा वाटा किती आणि दैवाचा किती, हे वेगळे करून पाहता येते. 162 सामन्यांच्या हंगामात नेमके मध्यम बल असलेल्या संघाने सरासरीने 81 सामने जिंकावयास हवेत. हंगाम पुनःपुन्हा खेळविला तर असे दिसते की, सुमारे दोन-तृतीयांश वेळा विजयांची संख्या 75 ते 87 यांच्या दरम्यान पडते आणि उरलेल्या वेळी त्याहूनही दूर जाते. संघ तोच, खेळाडू तेच, बदलते ते केवळ दैव.

बत्तीस विद्यार्थी, पाच नाणेफेकी

शाळेत सहज करण्यासारखा एक प्रयोग आहे. वर्गातील बत्तीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडविण्यास सांगावे. छाप म्हणजे विजय, काटा म्हणजे पराजय. सरासरीने पाहता एका विद्यार्थ्यास पाचही विजय मिळतील, पाच जणांस चार, दहा जणांस तीन, दहा जणांस दोन, पाच जणांस एक, आणि एकाच्या पदरी पाचही पराजय पडतील. 1, 5, 10, 10, 5, 1 ही ओळ आपल्याकडे जुनीच आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने ज्या मेरुप्रस्ताराचे विवरण केले, त्यात ती आढळते. पाच अक्षरांच्या चरणात लघु आणि गुरू किती प्रकारे मांडता येतील, हे मोजण्यासाठी छंदःशास्त्रज्ञांना तिचा उपयोग होत असे.

आता विद्यार्थ्यांच्या जागी बत्तीस समबल संघ कल्पावेत. पाच सामने संपताच गुणतक्त्यावर एक संघ अजिंक्य म्हणून झळकेल आणि एक सर्वांत तळाशी असेल. पहिल्याच्या चालकाचे कौतुक होईल, दुसऱ्याचा चालक आपले खेळाडू विकावयास काढील. वस्तुतः दोघांच्या बलात तिळमात्र अंतर नाही. एवढे संघ असता कोणाच्या तरी वाट्याला असा आरंभ येणे अपेक्षितच असते. ज्याच्या वाट्याला तो आला, त्याला मात्र ती आपली खास कथा वाटते.

सामने वाढतात तसे

सामन्यांची संख्या वाढली की दैवाचा प्रभाव ओसरतो, परंतु तो हळूहळू ओसरतो. सामने चौपट करावेत तेव्हा कोठे तो निम्मा होतो. समबल संघाच्या विजयांचे प्रमाण पाच सामन्यांनंतर शेकडा 50 पासून साधारणतः 22 ने इकडे-तिकडे ढळते, वीस सामन्यांनंतर 11 ने, ऐंशी सामन्यांनंतर साडेपाच ते सहाने आणि 162 सामन्यांनंतर जेमतेम चाराने. मुंबईच्या दोन हंगामांतील भेदही येथे काहीसा उलगडतो. समबल संघाने पहिले चार सामने गमावण्याची संभाव्यता सोळांत एक, म्हणजे काही विलक्षण नव्हे. आठ सामने गमावण्याची संभाव्यता मात्र 256 त एक. तेथे केवळ दैवाकडे बोट दाखविणे कठीण होते.

बेसबॉलच्या इतिहासातही अशी जोडी सापडते. मिलवॉकी ब्रूअर्स या संघाने 1987 साली पहिले तेरा सामने ओळीने जिंकले, परंतु अखेरीस 91 विजय व 71 पराजय घेऊन तो आपल्या गटात तिसरा आला. त्याच्या पुढल्याच वर्षी बाल्टिमोर ओरिओल्स संघाने पहिले एकवीस सामने ओळीने गमावले आणि हंगामात त्याचे एकूण 107 पराजय झाले. पहिला संघ चांगला होता, पण तेरा विजयांनी सुचविले तितका नव्हे. दुसरा वाईटच होता, पण एकवीस पराजयांनी सुचविले तितका नव्हे. आरंभ बहुधा दिशा बरोबर दाखवितो, अंतर मात्र फुगवून सांगतो.

सरासरीकडे खेचणे

हे फुगलेले अंतर किती कमी करावे? बेसबॉलपुरता एक सोपा हिशेब आहे. या खेळात सुमारे 70 सामने झाल्यावर दैवामुळे पडणारा फरक आणि संघांच्या खऱ्या बलांतील फरक बरोबरीस येतात. म्हणून प्रत्येक संघाच्या खात्यावर 35 विजय व 35 पराजय असे 70 काल्पनिक सामने आधीच जमा धरावेत. एखाद्या संघाने पहिल्या बारांपैकी दहा सामने जिंकले असतील, तर त्याचे प्रमाण दहा भागिले बारा, म्हणजे शेकडा 83 न धरता, 45 भागिले 82, म्हणजे शेकडा 55 धरावे. पाचही सामने गमावलेल्या संघाचे प्रमाण याच रीतीने शून्य न राहता शेकडा 47 च्या जवळ येते. हंगाम पुढे सरकतो तसे खऱ्या सामन्यांचे वजन वाढते आणि काल्पनिक सामन्यांचे घटते. आरंभी संशय अधिक, पुढे पुराव्यावर भिस्त अधिक, असा हा न्याय आहे.

या रीतीमागे सखोल गणित आहे. चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाने 1956 साली दाखवून दिले की, तीन किंवा अधिक गोष्टींचा अंदाज एकत्र बांधावयाचा असता प्रत्येकीची स्वतंत्र सरासरी ही सर्वोत्तम ठरत नाही. 1961 साली विलर्ड जेम्स यांच्या सहकार्याने त्याने अंदाज सुधारण्याचे सूत्रही दिले. पुढे ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी ते सूत्र बेसबॉलवर पडताळून पाहिले. 1970 च्या हंगामातील अठरा फलंदाज त्यांनी निवडले आणि प्रत्येकाच्या पहिल्या 45 संधींवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. अठरा जणांची एकत्र सरासरी 0.265 होती. प्रत्येकाचा आकडा तिच्याकडे खेचून, मूळच्या अंतराचा सुमारे पाचवा हिस्साच शिल्लक ठेवला. हंगाम संपल्यावर ताळा पाहता अठरांपैकी सोळा फलंदाजांच्या बाबतीत खेचलेला आकडाच सत्याच्या अधिक जवळ निघाला.

सरासरीचा अन्याय

तथापि याच प्रयोगात एक इशाराही आहे. त्या अठरांत रॉबर्टो क्लेमेंटे हा नामांकित फलंदाज होता. पहिल्या 45 संधींत त्याने 18 फटके साधले होते, म्हणजे प्रमाण 0.400. सूत्राने ते 0.294 वर आणले. उरलेल्या हंगामात त्याचे प्रमाण प्रत्यक्षात 0.346 राहिले. पहिला आकडा जितका वर होता, जवळजवळ तितकाच दुसरा खाली होता. कारण उघड आहे. क्लेमेंटे हा सामान्य फलंदाज नव्हता. त्याआधीच्या दहा वर्षांत चार वेळा तो आपल्या साखळीत फलंदाजीच्या सरासरीत अग्रस्थानी राहिला होता. सूत्राला हे ठाऊक नव्हते, परंतु बेसबॉलच्या जाणकारांना ठाऊक होते. तात्पर्य, कोणासही सरसकट सर्वांच्या सरासरीकडे खेचू नये. ज्याचा पूर्वेतिहास ज्ञात आहे, त्याला त्याच्या स्वतःच्या पूर्वेतिहासाकडे खेचावे.

पुराव्याचा कस वाढविण्याचा आणखी एक मार्ग आहे. विजय-पराजय हा निकाल फार ढोबळ असतो. एका धावेने गेलेला सामना आणि दहा धावांनी गेलेला सामना त्यात सारखेच मोजले जातात. बिल जेम्स या अमेरिकी अभ्यासकाने सुचविले की, संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घेऊन त्याला, काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे. येणारे प्रमाण संघाच्या बलाचे अधिक चांगले निदर्शक असते. दहांपैकी चारच सामने जिंकलेल्या संघाने 50 धावा काढून 40 दिल्या असतील, तर 2500 भागिले 4100, म्हणजे शेकडा 61 हे प्रमाण येते. अशा संघाच्या चालकाने घाईने खेळाडू विकणे म्हणजे दूध नासले असे समजून ताजे दूध ओतून देण्यासारखे होय.

अर्थात सारे काही दैवावर सोपवून स्वस्थ बसावे, असा याचा अर्थ नव्हे. 2015 साली मुंबई संघाचा सलामीचा फलंदाज ॲरन फिंच जखमी झाला आणि त्याच्या जागी आलेल्या लेंडल सिमन्सने संघास बळकटी आणली. पराजयामागे दुखापत किंवा चुकीची मांडणी असे स्पष्ट कारण दिसत असेल, तर उपाय त्वरित करावा. कारण दिसत नसता केवळ गुणतक्ता पाहून घाबरणे, हे मात्र टाळावे.

आभासी साखळीत चुकीच्या निर्णयाने फारशी हानी होत नाही, कारण विकलेला खेळाडू म्हणजे आकड्यांची एक ओळ असते. मैदानावर आणि शाळेत मात्र त्या आकड्यामागे माणूस असतो. दोन डावांत अपयश आले म्हणून संघाबाहेर बसविलेला होतकरू मुलगा, किंवा पहिल्या चाचणी परीक्षेतील गुणांवरून मंद ठरविलेली विद्यार्थिनी, यांना पुढची संधीच मिळाली नाही, तर तो निकाल चुकीचा होता हे कधीच उघडकीस येत नाही. उरलेले आठ सामने मुंबईच्या संघाला खेळावयास मिळाले, म्हणून त्याचे बल दिसले. शीत दाबून पाहण्यापूर्वी सारे दाणे एकाच आचेवर शिजले आहेत ना, हे पाहावे. तशी खात्री नसेल, तर आणखी काही दाणे दाबून पाहण्याइतका धीर धरावा.