‘जर-तर’चे इंग्रजी नेमके कोठे अडते?

‘इफ द कंपनी विल सिलेक्ट मी, देन आय विल जॉइन इमिजिएटली’, असे वाक्य नोकरीच्या अर्जात आढळले की जाणकार वाचक पहिल्या ‘विल’पाशीच अडखळतो. शाळेत याच ‘विल’खाली तांबडी रेघ ओढली जाते आणि ‘इफ’नंतर ‘विल’ येत नाही, असा नियम सांगितला जातो. राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात आहे. तरीही ही चूक सुटत नाही, कारण तिचे मूळ निष्काळजीपणात नसून मातृभाषेच्या सवयीत आहे.

मराठीत ‘पाऊस आला तर सामना रद्द होईल’ असे आपण सहज म्हणतो. पाऊस अजून यायचा आहे, क्रियापद मात्र भूतकाळी रूपातले. म्हणजे अटीच्या वाक्यात क्रियापदाचे रूप प्रत्यक्ष काळ दाखवतेच असे नाही, हे मराठी माणसाला न शिकवताच ठाऊक असते. इंग्रजीही हेच करते, फक्त रूप वर्तमानकाळी वापरते : ‘इफ इट रेन्स, द मॅच विल बी कॅन्सल्ड’. घोटाळा होतो तो मराठीला दुसरेही रूप चालते म्हणून. ‘आपण याल तर बरे होईल’ हे शुद्ध मराठी आहे आणि त्यातला ‘याल’ थेट ‘विल कम’ होऊन इंग्रजीत उतरतो. ‘तर’चा ‘देन’ही तसाच मागोमाग येतो. तो चूक नसला, तरी बहुतेक वेळा अनावश्यक असतो.

याहून अवघड प्रकरण ‘असते’चे. मराठी व्याकरणात ज्याला संकेतार्थ म्हणतात, त्यात अट आणि परिणाम या दोन्हींना एकच साज चढतो. ‘मला कळले असते तर मी आलो असतो.’ साहजिकच विद्यार्थी दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लावतो. प्रमाण इंग्रजीत मात्र अटीला ‘हॅड’ आणि परिणामाला ‘वुड हॅव’ : ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम’. (अमेरिकी बोलीत दोन्हीकडे ‘वुड हॅव’ सर्रास ऐकू येते, औपचारिक लेखनात ते मान्य नाही.)

त्यातच ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतले असते’ हे वाक्य आजचे की दहा वर्षांपूर्वीचे, हे मराठी सांगत नाही. संदर्भावरून ते कळते. इंग्रजीला हा मोघमपणा चालत नाही. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ हाऊस’. तेव्हाची असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ हाऊस’. दोनदा आलेला ‘हॅड’ छपाईची चूक वाटतो, पण तो बरोबर आहे. पहिला, दुसरा, तिसरा प्रकार अशी सूत्रे घोकण्यापेक्षा मूळ मराठी वाक्यात ‘आज’ किंवा ‘तेव्हा’ हा शब्द घालून पाहिला, तर निवड आपोआप होते. वही तपासणाऱ्या शिक्षकानेही रूप दुरुस्त करण्याआधी ‘तुला कधीचे सांगायचे होते?’ एवढे विचारणे अधिक फलदायी ठरते. उत्तर न विचारता केलेली दुरुस्ती व्याकरणाला धरून असूनही अर्थ बदलू शकते.

वरील चुकांमुळे भाषा खटकते, अर्थ सहसा बिघडत नाही. ‘अनलेस’चे तसे नाही. ‘जोपर्यंत शुल्क भरले जात नाही, तोपर्यंत प्रवेश निश्चित होणार नाही’ याचे शब्दशः रूपांतर ‘अनलेस द फी इज नॉट पेड, द ॲडमिशन विल नॉट बी कन्फर्म्ड’ असे केले जाते. ‘अनलेस’मध्ये नकार आधीच दडलेला असल्याने या वाक्याचा अर्थ, शुल्क न भरले तरच प्रवेश निश्चित होईल, असा उलटा होतो! सूचनाफलकावर वाचक समजून घेतो. करारपत्रात किंवा नोटिशीत समोरचा पक्ष तेवढा उदार असेलच, याची खात्री देता येत नाही. तेथे ‘अनलेस द फी इज पेड’ असे लिहावे. मनात शंका असेल तर ‘अनलेस’ टाळून ‘इफ द फी इज नॉट पेड’ हा सरळ मार्ग धरावा.