झुडपी जंगल म्हणजे पडीक जमीन नव्हे! 🌿
नागपूरकरांनो, गावाबाहेरच्या माळावरची धायटी जवळून पाहिली आहे का? उन्हाळ्याच्या तोंडावर ती लालबुंद होते आणि शिंजीर तिच्या नळीसारख्या फुलांत चोच खुपसून मध पितात. हीच फुलं वाळवली की आयुर्वेदातली आसवं-अरिष्टं आंबवायला लागतात, म्हणून बाजारात त्यांना मोल आहे. तरवडाची साल कातडी कमावायला वापरतात. संत्र्याचा बहार सरला की मधमाश्यांना आधार अशाच रानफुलांचा.

पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत ८६ हजार हेक्टरांहून अधिक झुडपी जंगल आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वनच असल्याचा निकाल दिला.

वृक्षारोपणाच्या उत्साहात ही झुडपं उपटू नका. आहेत ती राखा! 🙏