मयूरासन : मनगटांनी शिकवलेला धडा

आगाशिवच्या डोंगराकडे तोंड करून उभी असलेली मलकापुरातली आमची खोली. गेल्या वर्षी जुलैत, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, त्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर मी पहिल्यांदा मयूरासन केले. केले म्हणजे काय, डोळ्याचे पाते लवते तेवढा वेळ हवेत राहिलो आणि हनुवटीवर आदळलो. मित्राशी चहाची पैज लागली होती. मनगट सुजले ते कोणाला सांगितले नाही, उलट दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पराक्रम केला. परिणामी सत्र परीक्षेच्या पहिल्याच पेपरला लेखणी धरवेना. डॉक्टरांनी पट्टी बांधली, तीन आठवडे हातावर भार टाकायचा नाही असे बजावले, आणि विचारले, "बोटं कुठल्या दिशेला ठेवली होतीस?"

हा प्रश्नच सगळ्याच्या मुळाशी होता. मी बोटे पुढे ठेवली होती.

हे आसन जुने आहे. 'हठयोगप्रदीपिका' आणि 'घेरंडसंहिता' या दोन्ही ग्रंथांत ते येते. प्रदीपिकाकारांच्या मते त्याने कालकूट विषसुद्धा पचते. (आमच्या खाणावळीची आमटी त्यांनी चाखली नव्हती.) अशा दाव्यांकडे डोळसपणे पाहण्याची वाट आपल्याच महाराष्ट्रात रुळली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि यौगिक क्रिया क्ष-किरण व दाबमापकाच्या साहाय्याने तपासल्या. तेव्हा मीही थोडा तपास केला, तो मात्र साध्या तराजूचा.

मयूरासनात सारा देह दोन तळव्यांवर पेलायचा असतो. कोपरे जवळ आणून बेंबीच्या दोन्ही बाजूंस टेकवायची, मग छाती हळूहळू पुढे न्यायची. डोके-छाती एका पारड्यात, पाय दुसऱ्या. पुढचे पारडे पुरेसे पुढे गेले की पाय आपोआप हलके होतात, उडी मारावी लागत नाही. कोपरे वर बरगड्यांशी टेकवली तर पाय जड राहतात. मग माणूस झटका देतो आणि तोंडावर पडतो.

आता बोटांचे. छाती पुढे जाते तशी कोपराखालचा हातही पुढे कलतो. बोटे पायांकडे असतील तर हा कल तळव्याच्या टाचेकडे होतो आणि मनगट काटकोनापेक्षा कमी मुडपते. बोटे पुढे असतील तर तोच कल बोटांवर येतो, मनगट काटकोनापलीकडे दुमडते आणि वर सगळ्या देहाचा भार! बोटे पुढे ठेवून करण्याच्या प्रकाराला हंसासन म्हणतात. ते नवशिक्याचे काम नव्हे.

पट्टी सुटल्यावर मी पायरीपायरीने गेलो. दोन आठवडे फक्त गुडघे टेकून, बोटे गुडघ्यांकडे ठेवून, तळव्यांवर हलकेच पुढे-मागे झुललो. मग कोपरे पोटाशी लावून, पायांची बोटे जमिनीवरच ठेवून भार पुढे आणला. नंतर एक पाय उचलला, पुढे दुसरा. हनुवटीखाली घडी घातलेली घोंगडी. कोपरे फाकत होती म्हणून त्यांच्या वर पंचा बांधला. श्वास कोंडायचा नाही. उतरताना आधी पाय टेकवायचे, मग कोपरे सोडायची. जेवणानंतर चार तास तरी हे करू नये, कारण कोपरांचा दाब थेट पोटावर येतो. याच कारणाने अंतर्गळ किंवा पोटातला व्रण असणाऱ्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गर्भवतींनी त्याच्या वाटेला जाऊ नये. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल त्यांनीही नाही.

हल्ली मी आठ-दहा सेकंद स्थिर राहतो. थंडीच्या सकाळी डावे मनगट अजून कुरकुरते. त्या दिवशी एकच पाय उचलतो आणि अंघोळीला जातो.