धुराड्यातला कार्बन जमिनीत गाडायचा, पण हमी कोण घेणार?

ज्या कामाचे नावही अनेकांनी ऐकलेले नाही, त्यासाठी केंद्र सरकारने 2026-27 च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत 20 हजार कोटी रुपये देण्याची घोषणा केली. कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून तो द्रवासारखा घट्ट करायचा, त्यापासून काही बनवता आले तर बनवायचे आणि उरलेला जमिनीखाली खोल खडकात कायमचा कोंडायचा, असे हे काम. सरकारी कागदांत त्याला सीसीयूएस म्हणतात. वीज, पोलाद, सिमेंट, रिफायनरी आणि रसायने अशा पाच उद्योगांसाठी हा पैसा आहे.

यातले सिमेंट आपल्या दाराशीच आहे. बेळगाव जिल्ह्यात यादवाडला, पलीकडे बागलकोट जिल्ह्यात आणि कलबुर्गी पट्ट्यात सिमेंट कारखाने आहेत, कारण चुनखडी तिथे आहे. आणि घोडं नेमकं या चुनखडीपाशीच अडतं. 100 किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की 56 किलो चुना मिळतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळसा बंद करून भट्टी उद्या सौरऊर्जेवर तापवली तरी हे 44 किलो सुटणारच, कारण ते इंधनातून नव्हे, दगडातून येतात. सिमेंट कारखान्याच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त वाटा या दगडाचा असतो. विजेला सूर्य आणि वारा हे पर्याय आहेत, सिमेंटला अजून तसा सोपा पर्याय नाही. त्यामुळे 2070 पर्यंत नक्त शून्य उत्सर्जन गाठायचे म्हटले की धोरण ठरवणाऱ्यांना कार्बन पकडण्याकडे वळावेच लागते.

तंत्र जुने, हिशेब नवा

हे तंत्र प्रयोगशाळेतले नवलही राहिलेले नाही. धूर अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणातून सोडला की कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो. द्रावण तापवले की तो पुन्हा शुद्ध होऊन बाहेर येतो. तापवायला वाफ लागते, दाबायला वीज लागते. म्हणजे कारखान्याच्या ऊर्जेचा मोठा घास हे यंत्रच खाते. खर्च तिथे आहे. नॉर्वेने 1991 मध्ये कार्बनवर कर बसवला आणि 1996 पासून उत्तर समुद्रातल्या स्लाइपनर वायूक्षेत्रात वर्षाला सुमारे 10 लाख टन वायू समुद्रतळाखाली भरायला सुरुवात झाली. कर भरण्यापेक्षा वायू गाडणे परवडत होते, इतका साधा व्यवहार.

मग तीस वर्षांत जगभर हे कारखाने का उभे राहिले नाहीत? याचे उत्तर ब्रिटनच्या फसलेल्या दोन प्रयत्नांत सापडते. तज्ज्ञांनी धोरणाला दिशा द्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हेही तिथेच कळते.

ब्रिटिश सरकारने 2007 मध्ये स्पर्धा जाहीर केली: कोळशाच्या वीज केंद्राला कार्बन पकडणारे यंत्र बसवा, सरकार पैसे देईल. स्कॉटलंडमधले लाँगॅनेट केंद्र शेवटपर्यंत टिकले, पण 2011 मध्ये बोलणी मोडली. 2012 मध्ये 100 कोटी पौंडांची दुसरी स्पर्धा निघाली. पीटरहेड आणि व्हाइट रोज या दोन प्रकल्पांची तयारी सुरू होती. 25 नोव्हेंबर 2015 रोजी सरकारने हात वर केले आणि पैसे काढून घेतले. त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नंतर हिशेब मांडला: दोन स्पर्धांवर मिळून 16 कोटी 80 लाख पौंड खर्ची पडले होते. जमिनीखाली एक टनही गेला नव्हता.

यानंतर लॉर्ड ऑक्सबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली एक सल्लागार गट बसला. रॉन ऑक्सबर्ग मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. संरक्षण मंत्रालयाचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार, लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे प्रमुख आणि काही काळ शेल कंपनीचे अध्यक्ष अशी त्यांची कारकीर्द. खडक, सरकार आणि कंपनी, तिन्ही घरचं पाणी प्यायलेला माणूस. सप्टेंबर 2016 मध्ये गटाचा अहवाल आला. अडचण तंत्राची नाही, ती जोखीम वाटून घेण्याच्या पद्धतीत आहे, हे त्यांनी सांगितले.

मुद्दा गावच्या नळपाणी योजनेसारखा आहे. टाकी बांधणारा म्हणतो, पाइप येणार याची हमी द्या. पाइपवाला म्हणतो, विहिरीला पाणी लागेल याची हमी द्या. विहीरवाला म्हणतो, टाकी होणार नसेल तर मी कशाला खोदू? कार्बनचेही तसेच. वीज कंपनीला धूर कळतो, समुद्राखालचा खडक कळत नाही. तेल कंपनीला खडक कळतो, पण पन्नास वर्षांनी गळती झाली तर भरपाईचा आकडा कोणताही विमावाला लिहून देत नाही. सरकारने ही सगळी साखळी एकाच खासगी गटाच्या गळ्यात घातली होती. साहजिकच प्रत्येकाने आपली भीती दरात मिसळली आणि दर आकाशाला भिडले. ऑक्सबर्ग गटाचे म्हणणे असे की साखळी तोडा. पकडण्याचे काम वेगळे, वाहून नेण्याचे आणि साठवण्याचे वेगळे. साठवणुकीची जी जोखीम खासगी कंपनी उचलूच शकत नाही ती सरकारने उचलावी आणि सुरुवातीला हे सगळे उभे करायला एक सरकारी कंपनी काढावी.

सरकारने ती कंपनी काढली नाही, पण साखळी तोडण्याचा विचार पुढच्या धोरणात उतरला. पाइपलाइन आणि साठवणुकीला पाणी-वीज कंपन्यांसारखे नियंत्रित उत्पन्न देण्याची पद्धत आली. 2019 मध्ये त्यांच्या हवामान बदल समितीने, जी कायद्याने नेमलेली आणि सरकारला उघड अहवाल देणारी तज्ज्ञांची समिती आहे, हे तंत्र आता पर्याय नसून गरज आहे असे स्पष्ट नोंदवले. ऑक्टोबर 2024 मध्ये टीसाइड आणि मर्सीसाइड या दोन औद्योगिक पट्ट्यांसाठी 25 वर्षांत 2,170 कोटी पौंडांपर्यंतचा निधी जाहीर झाला. त्यावरही संसदेच्या लोकलेखा समितीने फेब्रुवारी 2025 मध्ये ताशेरे ओढले. पुरेसे सिद्ध न झालेल्या तंत्रावर जनतेचा पैसा लावताय आणि त्याचा भार वीजबिलावर येणार, असा तिचा सूर होता. ही टीका गंभीर आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तज्ज्ञ पुढे असले म्हणजे लेखापरीक्षकाची गरज संपत नाही.

खडक अंदाज चुकवतो

तज्ज्ञ एकदा अहवाल देऊन घरी गेले, हे मात्र या क्षेत्रात चालत नाही. नॉर्वेच्याच स्नोव्हिट प्रकल्पात 2008 मध्ये वायू भरायला सुरुवात झाली आणि खडकातला दाब अंदाजापेक्षा भराभर वाढू लागला. मोजमाप सतत चालू होते म्हणून वेळीच लक्षात आले आणि वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. अल्जीरियातल्या इन सालाह येथे 2011 मध्ये वायू भरणेच थांबवले गेले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डिकेटरला मक्याच्या इथेनॉल कारखान्याचा कार्बन जमिनीत भरला जातो. तिथल्या निरीक्षण विहिरीत गळती आढळली आणि 2024 मध्ये काम थांबवावे लागले.

डिकेटरचे उदाहरण आपल्या भागाने लक्ष देऊन वाचावे असे आहे. इथेनॉलसाठी साखर आंबवताना निघणारा वायू जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड असतो. एक लिटर इथेनॉलमागे साधारण पाऊण किलो. तो पकडायला अमाइनचा खटाटोप लागत नाही, गोळा करून वाळवला की झाले. शीतपेये आणि ड्राय आइससाठी डिस्टिलरीचा वायू वापरलाही जातो. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडचे साखर कारखाने इथेनॉलमध्ये उतरलेले असताना अर्थसंकल्पाच्या पाच उद्योगांच्या यादीत साखरेचे नाव वेगळे नाही. सर्वात स्वस्तात जो कार्बन पकडता येतो तोच यादीबाहेर, हे गणित एखाद्या जाणकाराने मंत्रालयाला विचारायला हवे.

आपल्याकडचे जाणकार

आपल्याकडे जाणकार नाहीत असे नाही. नीती आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये सीसीयूएस धोरणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यामागे आयोगाचे तत्कालीन सदस्य आणि डीआरडीओचे माजी प्रमुख व्ही. के. सारस्वत यांचा पुढाकार होता. 2050 पर्यंत वर्षाला 75 कोटी टन पकडण्याची क्षमता उभी करण्याची भाषा त्यात आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे दिली. मे 2025 मध्ये सिमेंटसाठी पाच चाचणी प्रकल्प जाहीर झाले. त्यांत एका गटात आयआयटी मद्रासबरोबर बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस आहे. डिसेंबर 2025 मध्ये प्रधान वैज्ञानिक सल्लागार अजयकुमार सूद यांच्या हस्ते संशोधनाचा आराखडा आला, आणि दोन महिन्यांत 20 हजार कोटींची घोषणा झाली.

प्रत्यक्षात उभे राहिलेले काम मात्र लहान आहे. जमशेदपूरला टाटा स्टीलचा 2021 मधला प्रकल्प दिवसाला 5 टनांचा, विंध्याचलला एनटीपीसीचा 20 टनांचा. इथून 75 कोटींपर्यंतची उडी नुसत्या अनुदानाने होत नाही. शिवाय हे प्रकल्प वायू पकडून वापरण्याचे आहेत. वापराला मर्यादा आहे, सोडा आणि मिथेनॉल किती बनवणार? शेवटी गाडावाच लागणार, आणि गाडण्याच्या बाबतीत आपली पाटी अजून बरीचशी कोरी आहे.

काळ्या दगडाची गोष्ट

गाडायचा तर कुठे? इथे महाराष्ट्राचा काळा पाषाण पुढे येतो. बेसॉल्ट खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असते. कार्बन डायऑक्साइड त्यांच्याशी संयोग पावून चक्क दगड बनतो. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात भरलेल्या वायूपैकी 95 टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांत दगड झाल्याचे 2016 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेत वॉलुला येथे 2013 मध्ये सुमारे 1,000 टन वायू बेसॉल्टमध्ये सोडला, नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यांत कार्बोनेटचे खडे मिळाले. दगड झालेला वायू गळत नाही, हा यातला मोठा फायदा.

भारतातल्या बेसॉल्टमध्ये 97 ते 316 अब्ज टन वायू मावेल, असा अंदाज आयआयटी मुंबईचे प्रा. विक्रम विशाल आणि सहकाऱ्यांनी मांडला आहे. देशाचे वर्षाचे उत्सर्जन सुमारे तीन अब्ज टन धरले तर आकडा डोळे दिपवणारा आहे. पण खालचा आणि वरचा आकडा यांत तिपटीचा फरक आहे, तोही वाचायला हवा. हा कागदावरचा अंदाज आहे, बोअर मारून मोजलेला साठा नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने एनटीपीसी आणि अमेरिकी प्रयोगशाळेसोबत दख्खनच्या बेसॉल्टचा अभ्यास 2000 नंतरच्या दशकातच सुरू केला होता, तरी गोष्ट मोजमापापर्यंत पोचायची आहे.

त्यात दोन अडचणी आहेत. पहिली पाण्याची. आइसलँडची पद्धत वायू पाण्यात विरघळवून भरण्याची आहे आणि तिथे एक टन वायूला सुमारे 25 टन पाणी लागते. अथणी, जत, विजापूरकडे उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथे हा हिशेब कोणाला सांगायचा? वॉलुलाची पद्धत पाण्याशिवायची आहे, पण त्यासाठी साधारण 800 मीटरपेक्षा जास्त खोली हवी, म्हणजे वायू दाबाखाली घट्ट राहतो. आणि दख्खनचा थर पूर्वेकडे व दक्षिणेकडे पातळ होत जातो. किल्लारीला बोअर घेतले तेव्हा बेसॉल्ट साडेतीनशे मीटरच्या आतच संपला. बेळगाव तर या थराच्या दक्षिण कडेला आहे.

दुसरी अडचण कोयनेची. जाड थर पश्चिम घाटात आहे. कोयना भागात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराडच्या प्रयोगशाळेने भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतले, तिथे बेसॉल्ट सुमारे सव्वा किलोमीटर मिळाला. पण हाच तो भाग, जिथे 11 डिसेंबर 1967 रोजी 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि धरणातल्या पाण्याचा भूकंपाशी असलेला संबंध जगभर अभ्यासला गेला. जमिनीखाली दाबाने काही भरण्याआधी इथल्या भूकंपतज्ज्ञांची सही घ्यावीच लागेल. दिल्लीतल्या ऊर्जातज्ज्ञाने नकाशावर काळा रंग बघून जागा ठरवण्याचे हे काम नाही.

राहिला हमीचा प्रश्न. युरोपीय संघाच्या 2009 च्या नियमानुसार साठवण बंद केल्यावर साधारण किमान 20 वर्षे जबाबदारी कंपनीची. त्यानंतरच ती सरकारकडे जाते, आणि जाताना पुढच्या किमान 30 वर्षांच्या देखरेखीचा खर्च कंपनीने भरायचा. भारतात जमिनीखालच्या कार्बन साठवणुकीसाठी असा वेगळा, सर्वंकष कायदा नाही. खडकातली पोकळी जमीनमालकाची की राज्याची की केंद्राची, कर्नाटकात भरलेला वायू सीमा ओलांडून महाराष्ट्राखाली सरकला तर कोणत्या राज्याने बघायचे, गावाची परवानगी कोणत्या टप्प्यावर घ्यायची, हे सगळे लिहायचे बाकी आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ 22 फेब्रुवारी 2020 रोजी कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. सुमारे 200 जणांना घरे सोडावी लागली आणि 45 जणांना रुग्णालयात न्यावे लागले. हवेपेक्षा जड असलेला तो वायू सखल भागात साचला होता, आणि मोटारगाड्यांची इंजिने ऑक्सिजनअभावी बंद पडली होती.