लिनक्सवरील व्हिडिओ गेम निर्मितीचे अर्थकारण

लिनक्सवरील व्हिडिओ गेम निर्मितीचे अर्थकारण या विषयात लिनक्स या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी व्हिडिओ गेम तयार करणे, त्यांचे रूपांतर करणे, विक्री करणे व विक्रीनंतर त्यांची देखभाल करणे यांतील खर्च आणि उत्पन्नाचा विचार केला जातो. डेस्कटॉप संगणकांवर विंडोजचे वर्चस्व असल्याने लिनक्स ही गेम उद्योगासाठी दीर्घकाळ अल्पसंख्य ग्राहकांची बाजारपेठ राहिली आहे. गेमची आवृत्ती तयार करण्याचा खर्च ग्राहकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. उत्पन्न मात्र त्या प्रमाणात कमी होते. ही विषमता हा या अर्थकारणाचा गाभा होय. २०१८ नंतर विंडोजचे गेम लिनक्सवर थेट चालवणारी साधने प्रगत झाल्यामुळे या गणिताचे स्वरूप बदलले.

पार्श्वभूमी

लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये झाली. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन या प्रकल्पाचा आरंभ १९९३ मध्ये झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लिनक्सवर व्यावसायिक गेम जवळजवळ नव्हतेच. एखाद्या कंपनीतील उत्साही आज्ञावलीकाराने फावल्या वेळात केलेली रूपांतरे हाच त्यांचा मुख्य स्रोत होता.

लोकी सॉफ्टवेअर

केवळ लिनक्सवरील गेम विकून व्यवसाय उभा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने केला. स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात तिची स्थापना केली. सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर या गेमची लिनक्स आवृत्ती १९९९ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर कंपनीने इतर अनेक नामांकित गेमची रूपांतरे केली. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला व जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली.

कंपनीच्या अपयशाची कारणे पुढील काळातही लागू पडणारी आहेत. मूळ प्रकाशकाला हक्कांसाठी द्यावयाची रक्कम विक्रीपूर्वीच खर्च होत असे. लिनक्स आवृत्ती सहसा विंडोज आवृत्तीनंतर बाजारात येई. तोपर्यंत एकाच संगणकावर दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम ठेवणाऱ्या ग्राहकांनी विंडोजची तबकडी विकत घेतलेली असे. शिवाय दुकानांच्या फळीवर जागा मिळवणे, खोकी छापणे व न खपलेला माल परत घेणे हे खर्च मोठ्या प्रकाशकांना झेपतील असे होते, छोट्या कंपनीला नव्हे. लोकीमध्ये असताना सॅम लँटिंगा यांनी पुढे नेलेला एसडीएल हा आज्ञावली संग्रह मात्र टिकला. चित्र, ध्वनी व कळफलक यांचे व्यवहार सर्व ऑपरेटिंग सिस्टीमवर एकाच पद्धतीने करू देणाऱ्या या संग्रहामुळे नंतरच्या विकसकांचा रूपांतरखर्च कमी झाला.

डिजिटल वितरणाचा परिणाम

इंटरनेटवरून विक्री सुरू झाल्यावर तबकड्या, खोकी व गोदाम यांचा खर्च नाहीसा झाला. मे २०१० मध्ये पार पडलेल्या पहिल्या हंबल इंडी बंडलमध्ये ग्राहकाने मनाला येईल ती किंमत देऊन वर्ल्ड ऑफ गू, अक्वेरिया, गिश, लुगारू व पेनम्ब्रा: ओव्हर्चर हे गेम घ्यावयाचे होते. या उपक्रमात १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. प्रत्येक गटाने दिलेल्या सरासरी किमतीत लिनक्स वापरकर्ते सर्वांत पुढे होते, त्यानंतर मॅकचे व शेवटी विंडोजचे वापरकर्ते होते. ग्राहक थोडे असले तरी पैसे मोजण्यास तयार असतात, या मताला त्यामुळे आधार मिळाला. तथापि ज्या बाजारात पर्याय कमी आहेत तेथे पहिल्या काही वस्तूंना अधिक भाव मिळतो. पर्याय वाढल्यावर तो टिकतोच असे नाही.

व्हॉल्व्ह या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये आपले स्टीम हे विक्रीदालन लिनक्सवर अधिकृतपणे उपलब्ध केले. यामागे लिनक्स ग्राहकांकडून मिळणारा नफा हे एकमेव कारण नव्हते. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे विक्रीदालन आणले होते आणि व्हॉल्व्हचा सर्व व्यवसाय प्रतिस्पर्ध्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून होता. त्यामुळे लिनक्सवरील गुंतवणूक हा व्हॉल्व्हसाठी एक प्रकारचा विमा होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या स्टीम मशीन या संगणकांना मात्र अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही.

खर्चाची रचना

लिनक्स आवृत्तीचा खर्च साधारणपणे तीन भागांत विभागता येतो.

रूपांतर: युनिटी, अनरिअल व गोडो या गेम इंजिनांतून लिनक्स आवृत्ती तयार करता येते. गोडो हे मूळचे अर्जेंटिनातील इंजिन २०१४ मध्ये मुक्तस्रोत करण्यात आले व त्यासाठी कोणताही स्वामित्वहिस्सा द्यावा लागत नाही. स्वतःचे इंजिन वापरणाऱ्या व मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सवर आधारलेल्या जुन्या गेमसाठी हा खर्च बराच अधिक असतो.

चाचणी: लिनक्सची अनेक वितरणे आहेत. उबुंटू, फेडोरा, आर्च आदींतील आज्ञावली संग्रहांच्या आवृत्त्या व ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर वेगवेगळे असतात. प्रत्येक जोडणीवर चाचणी घेणे लहान संघाला शक्य नसते.

देखभाल: गेम प्रसिद्ध झाल्यानंतर प्रत्येक सुधारणा सर्व आवृत्त्यांना एकाच वेळी द्यावी लागते. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या गेममध्ये हा खर्च सर्वाधिक असतो. रॉकेट लीग या गेमच्या विकसकांनी मार्च २०२० मध्ये मॅक व लिनक्स आवृत्त्यांचा पाठिंबा थांबवला. दोन्ही मिळून सक्रिय खेळाडूंच्या ०.३ टक्क्यांहूनही कमी खेळाडू त्या वापरत असल्याचे कारण त्यांनी दिले.

विक्रीदालनाच्या बाजूने लिनक्स आवृत्तीचा वेगळा भार पडत नाही. स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलरचे नोंदणीशुल्क एकदाच द्यावे लागते, मग आवृत्त्या कितीही असोत. विक्रीतील दालनाचा हिस्सा साधारणतः ३० टक्के असतो. एखाद्या गेमचे उत्पन्न १ कोटी डॉलरच्या पुढे गेल्यावर तो २५ टक्के व ५ कोटींच्या पुढे २० टक्के होतो.

तक्रारींचा प्रश्न

लिनक्स वापरकर्ते संख्येच्या मानाने अधिक तक्रारी नोंदवतात, हा विकसकांचा सामाईक अनुभव आहे. त्याचा अर्थ मात्र दोन प्रकारे लावला जातो. प्लॅनेटरी ॲनायलेशन या गेमवर काम केलेल्या एका आज्ञावलीकाराने सांगितल्यानुसार लिनक्सचा विक्रीतील वाटा ०.१ टक्क्याहून कमी होता, परंतु गेम बंद पडल्याच्या व मदतीच्या मागण्यांपैकी २० टक्क्यांहून अधिक लिनक्सवरून येत असत.

याउलट डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न या गोडोवर आधारित गेमच्या विकसकाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार सुमारे १२,००० प्रतींपैकी ७०० लिनक्स खेळाडूंनी घेतल्या होत्या, म्हणजे ५.८ टक्के, तक्रारींत मात्र त्यांचा वाटा ३८ टक्के होता. या सुमारे ४०० तक्रारींपैकी केवळ ३ लिनक्सपुरत्या मर्यादित होत्या. उरलेले दोष सर्वच खेळाडूंना भेडसावणारे होते. ते कसे घडवून आणता येतात याची तपशीलवार टिपणे लिनक्स खेळाडूंनी पाठवली होती. पहिल्या उदाहरणात तक्रार हा खर्च ठरतो, तर दुसऱ्यात ती विनामूल्य मिळालेली चाचणी ठरते. ग्राफिक्स ड्रायव्हरवर मोठा ताण देणाऱ्या गेमला पहिला अनुभव, तर तयार इंजिनावरील साध्या गेमला दुसरा अनुभव येण्याचा संभव अधिक असतो.

प्रोटॉन आणि स्टीम डेक

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने वाइनवर आधारित प्रोटॉन हे साधन स्टीममध्ये समाविष्ट केले. ते डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञांमध्ये बदलून विंडोजचा गेम लिनक्सवर चालवते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळावयाच्या संगणकात हीच व्यवस्था वापरली आहे. स्टीमच्या वापरकर्ता सर्वेक्षणात २०१० च्या दशकात बराच काळ १ टक्क्याच्या आसपास घुटमळणारा लिनक्सचा वाटा त्यानंतर वाढत गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या पुढे गेला.

यामुळे विकसकासमोरील प्रश्न बदलला. पूर्वी लिनक्स आवृत्ती नसेल तर तो ग्राहक पूर्णपणे गमावला जाई. आता तो विंडोज आवृत्ती विकत घेऊन प्रोटॉनद्वारे खेळू शकतो. परिणामी स्वतंत्र आवृत्तीमुळे मिळणारे अतिरिक्त उत्पन्न घटले. खेळाडूंची सोय वाढली, पण मूळ लिनक्स आवृत्त्या काढण्याची प्रेरणा व रूपांतर करणाऱ्या कंपन्यांचे काम कमी झाले. फसवणूक रोखणाऱ्या आज्ञावली हा अडथळा अद्याप शिल्लक आहे: एपेक्स लेजेंड्स या गेमने २०२४ च्या अखेरीस याच कारणास्तव लिनक्सवरील प्रवेश बंद केला.

एक कल्पित हिशेब

पिंपरी-चिंचवडमधील सांगवी येथे घरून काम करणारा दोघांचा संघ हे काल्पनिक उदाहरण घेतल्यास गणित स्पष्ट होते. गेमची किंमत ५०० रुपये व दालनाचा हिस्सा ३० टक्के धरल्यास कर व सवलती वगळता प्रत्येक प्रतीमागे ३५० रुपये उरतात. लिनक्स आवृत्तीचे रूपांतर, चाचणी व पहिल्या वर्षाची देखभाल यांचा खर्च १ लाख रुपये मानल्यास तो भरून निघण्यासाठी सुमारे २८६ अतिरिक्त प्रती खपणे आवश्यक आहे.

लिनक्स ग्राहकांचे प्रमाण २ टक्के असेल व त्यांतील प्रत्येकजण केवळ लिनक्स आवृत्तीमुळेच गेम घेत असेल, तर एकूण खप सुमारे १४,३०० प्रतींचा हवा. परंतु पाचांपैकी चार ग्राहक प्रोटॉनमुळे विंडोज आवृत्तीही घेतील असे धरले, तर २८६ अतिरिक्त प्रतींसाठी १,४३० लिनक्स ग्राहक लागतात आणि त्यासाठी एकूण खप सुमारे ७१,५०० प्रतींपर्यंत जावा लागतो. म्हणजे लिनक्स ग्राहकांचे प्रमाण तेच असूनही आवश्यक खप पाचपट होतो. अशा संघाने स्वतंत्र आवृत्ती न काढता विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर नीट चालते एवढे पाहणे आर्थिकदृष्ट्या अधिक सयुक्तिक ठरते. गोडोसारख्या इंजिनामुळे रूपांतराचा खर्च नाममात्र राहत असेल, तर निष्कर्ष उलटू शकतो.

भारत व महाराष्ट्र

स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये भारतातील डेस्कटॉप संगणकांत लिनक्सचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता, जो जागतिक सरासरीपेक्षा बराच अधिक आहे. हा आकडा संकेतस्थळांच्या भेटींवर आधारलेला असून त्यात कार्यालये व शिक्षणसंस्थांतील संगणकही येतात. त्यावरून गेमसाठी पैसे मोजणाऱ्या ग्राहकांची संख्या काढता येत नाही. भारतातील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवर खेळतात, त्यामुळे डेस्कटॉप गेमचा भारतीय विकसक प्रामुख्याने परदेशी ग्राहकांवर विसंबून असतो.

पुणे परिसरात मुक्तस्रोत तंत्रज्ञानाची परंपरा आहे. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप, सिम्बायोसिसच्या संगणक अभ्यास व संशोधन संस्थेत भरणारा ग्नूनिफाय हा मेळावा आणि रेड हॅट कंपनीचे कार्यालय यांमुळे येथे लिनक्सचे जाणकार तयार झाले. मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्तस्रोत आज्ञावलींचे शिक्षण मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहे. मात्र हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि त्याच्या परिघातील वाकड, पिंपळे सौदागर, सांगवी, औंध या भागांत राहणाऱ्या तंत्रज्ञांना सेवा कंपन्यांत नियमित वेतन मिळते. गेमच्या अनिश्चित उत्पन्नाची स्पर्धा त्या वेतनाशी असते.

पुण्यातील गेम व्यवसायाचा मोठा भाग परदेशी कंपन्यांसाठीच्या कामाचा व मोबाइल गेमचा आहे. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला. सुपरगेमिंग ही पुण्यातील कंपनी मास्कगन या मोबाइल गेमसाठी ओळखली जाते. स्वतंत्र निर्मितीचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी: ॲन एन्शंट एपिक हा गेम. त्यासाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर केलेले निधीसंकलन उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही. पुढे प्रकाशकाच्या साह्याने तो पूर्ण झाला. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेंडो स्विचवर व ऑक्टोबर २०२० मध्ये विंडोज, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर प्रसिद्ध झाला. या यादीत लिनक्स नव्हते. मर्यादित निधी असलेला संघ आधी कोणत्या बाजारपेठांकडे वळतो, हे त्यावरून दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स क्षेत्रासाठीचे धोरण मंजूर केले.

विनामूल्य व देणगीवर आधारित निर्मिती

लिनक्सवरील अनेक लोकप्रिय गेम विक्रीच्या चौकटीबाहेर तयार झाले आहेत. बॅटल फॉर वेस्नॉथ, सुपरटक्सकार्ट आणि मौर्य साम्राज्याचा समावेश असलेला झिरो ए.डी. हे गेम स्वयंसेवकांच्या श्रमांवर व देणग्यांवर चालतात. येथे हिशेब रुपयांचा नसून वेळेचा असतो: विक्री कमी झाल्याने प्रकल्प बंद पडत नाही, पण अनुभवी स्वयंसेवक निघून गेल्यास तो वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो.

इतर अल्पसंख्य मंचांशी तुलना

मॅकच्या बाबतीत वापरकर्त्यांची क्रयशक्ती अधिक असली तरी नियम ॲपल ठरवते. २०१८ मध्ये ॲपलने ओपनजीएल ही ग्राफिक्स प्रणाली कालबाह्य ठरवली आणि २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२-बिट आज्ञावली चालणे बंद झाले, त्यामुळे अनेक जुने गेम निरुपयोगी झाले. विकसकांना ॲपलकडे वार्षिक ९९ डॉलरचे सदस्यत्वही घ्यावे लागते. लिनक्सवर असे शुल्क वा एकाच कंपनीचे नियंत्रण नाही. मात्र मॅकप्रमाणे मोजक्या यंत्रांवर चाचणी घेऊन भागण्याची सोयही नाही.

हे सुद्धा पहा

लिनक्स
मुक्तस्रोत आज्ञावली
वाइन (आज्ञावली)
स्टीम डेक
भारतातील व्हिडिओ गेम उद्योग