एक ते नऊ, नऊ ते एक

घरातल्या शाळकरी मुलाची पाटी मागून घ्या आणि १११ ला १११ ने गुणा. उत्तर येईल १२३२१. आता ११११ ला ११११ ने गुणा. आले १२३४३२१. असा एकेक एक वाढवीत नऊ एकांपर्यंत जा. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. नवापर्यंत चढण, मग उतरण! उलटीकडून वाचा, तीच संख्या. आकडे सतरा. भास्कराचार्यांच्या लीलावतीतील स्थाने मोजली, तर ही संख्या 'मध्य' या स्थानापर्यंत पोचते. त्यापुढचे स्थान परार्धाचे.

यात जादू नाही. गुणाकार मांडताना प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. त्यामुळे कडेच्या घरात एकच एक, त्याच्या शेजारी दोन, असे होत मधल्या घरात नऊ एक जमतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि डोंगर मोडतो.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. डोंबिवली स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. त्या स्टेशनाचे तेव्हाचे नाव डेम्लो. मास्तरांजवळ ना मोठी पदवी, ना प्रयोगशाळा. कित्येक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. पण १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांची ओळख झाली. १९८६ साली ते वारले.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला मास्तरांनी 'हर्षद' म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा: बाकी शून्य! भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. या संख्येत आठ नाही, आणि तिला नवाने गुणले की पुन्हा नऊ एक.

अंकांची ही बेरीज बाजारातही उपयोगी पडते. समजा, टोमॅटोचे ३७ क्रेट २४५ रुपये दराने गेले. पट्टीवर ९०६५ रुपये लिहिले आहेत. ३७ चे अंक मिळवा: १०, म्हणजे १. २४५ चे: ११, म्हणजे २. एक दुणे दोन. आता ९०६५ चे: २०, म्हणजे २. जुळले. न जुळले तर हिशेब नक्की चुकलेला. मात्र जुळले म्हणजे बरोबरच, असे नाही. ९०६५ ऐवजी चुकून ९६०५ लिहिले, तरी बेरीज तीच येते. म्हणून शंका आली की पुरता गुणाकार करावा.

आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना पाटीवर हा डोंगर चढवायला सांगा. आणि पुढच्या खेपेची पट्टी त्यांच्याकडूनच तपासून घ्या.