चिलखती बुलडोझरची प्रतिकृती : बांधणी, झीज आणि पुरावा

लष्करी यंत्रांच्या लहान प्रतिकृती तयार करणे हा आपल्याकडे बहुधा हौसेचा विषय मानला जातो. अभ्यासाच्या साधनांत त्याची गणना क्वचितच होते. वस्तुतः प्रतिकृती ही विधानांची एक मालिकाच असते. प्रत्येक भाग जोडताना आणि प्रत्येक डाग रंगविताना ती करणारा “हे असे होते” असे म्हणत असतो. लेखकाला संशयस्थळी “बहुधा” हा शब्द वापरता येतो. प्रतिकृतीत ती सोय नाही. पत्रा गंजलेला दाखवावा लागतो किंवा न गंजलेला. म्हणूनच ज्याला पुराव्याची शिस्त अंगी बाणवावयाची आहे अशा विद्यार्थ्याने निदान एक प्रतिकृती स्वतः करून पाहावी. प्रस्तुत लेखात चिलखती बुलडोझर हे उदाहरण घेऊन या कामाची पद्धती व तिच्यामागील कारणमीमांसा थोडक्यात मांडली आहे.

१. यंत्र आणि चिलखत

बुलडोझर हे मूळचे युद्धयंत्र नव्हे. शेतीच्या व रस्तेबांधणीच्या ट्रॅक्टरपुढे पोलादी पाते बसवून ते सिद्ध झाले. त्याचा चालक उंच व उघड्या आसनावर बसतो, कारण माती लोटताना त्याला पात्याची दोन्ही टोके व मागची वाट दिसणे आवश्यक असते. शांततेत जी सोय, तीच शत्रूच्या माऱ्याखाली जिवावर बेतते. यंत्र सावकाश चालते, त्याचा आवाज दूरवर जातो, आणि ज्या ठिकाणी रस्ता अडलेला आहे नेमक्या त्याच ठिकाणी त्याला थांबून काम करावे लागते.

या कामाचे स्वरूप पुणेकर वाचकाला खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या इतिहासातून चांगले समजते. कारवारजवळील चेंडिया येथे १९१८ मध्ये जन्मलेले आणि १९४० मध्ये या दलात भरती झालेले राम राघोबा राणे यांना एप्रिल १९४८ मधील नौशेरा-राजौरी मार्गावरील कामगिरीबद्दल परमवीर चक्र मिळाले. त्यांच्या प्रशस्तिपत्रात तासांचा काटेकोर हिशेब आहे. ८ एप्रिलला सकाळी ११ वाजता उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार झाले आणि स्वतः राणे धरून पाच जण जखमी झाले. त्याच दिवशी बरवाली टेकडी हाती आल्यावर त्यांनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढण्यास प्रारंभ केला, रात्री १० पर्यंत काम केले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ६ पासून दुपारी ३ पर्यंत खपून तो रस्ता पुरा केला. पुढे पाइनच्या झाडांचे अडथळे, फोडलेली मोरी, सुरुंग यांतून वाट काढीत ११ एप्रिलच्या रात्री १० वाजेपर्यंत हे काम चालले होते. रस्ता करणारा माणूस लढाईत किती उघडा पडतो, याचा याहून स्पष्ट लेख क्वचितच सापडेल.

ही अडचण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यापुढेही होती. तिच्यावरील एक तोड म्हणजे कॅटरपिलर कंपनीच्या डी-७ या ट्रॅक्टरवर चढविलेले चिलखत. हे काम हॅटफील्ड येथील जॅक ओल्डिंग या कंपनीने केले. इंजिनाभोवती पोलादी पत्रे आणि चालकाभोवती अरुंद फटींची बंद कोठी, असे त्याचे रूप होते. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अडथळे हटविण्यासाठी व वाहनांना वाट करून देण्यासाठी ही यंत्रे वापरली गेली. पुढील विवेचन याच यंत्राच्या १:३५ या प्रमाणातील प्रतिकृतीला धरून आहे.

२. प्रमाणाचे गणित

१:३५ या प्रमाणात एक मीटर म्हणजे २८.६ मिलिमीटर. १७० सेंटिमीटर उंचीचा माणूस ४८.६ मिलिमीटरचा होतो, आणि १० मिलिमीटर जाडीचा पत्रा ०.२९ मिलिमीटरचा. येथपर्यंत गणित सरळ आहे. परंतु लांबी ३५ पटींनी घटली की क्षेत्रफळ १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी घटते. समजा, यंत्राचे वजन १६ टन आहे. तितक्याच भरीव पोलादाची प्रतिकृती सुमारे ३७३ ग्रॅम भरेल. पॉलिस्टायरीनची जेमतेम ५० ग्रॅम. अर्थात् वजनामुळे घडणारी कोणतीही गोष्ट प्रतिकृतीत आपोआप घडणार नाही. खऱ्या यंत्राचा साखळीपट्टा वरच्या बाजूस स्वतःच्या भाराने झोळ खातो. प्लास्टिकचा पट्टा ताठ राहतो. खरे यंत्र मऊ जमिनीत रुतते. प्रतिकृती मातीवर नुसती ठेवलेली दिसते. म्हणून पट्ट्याचा झोळ मुद्दाम द्यावा लागतो आणि तळाची माती ओली असतानाच पट्टे तीत दाबून बसवावे लागतात.

मातीच्या कणांचेही तसेच आहे. अर्धा मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण १:३५ प्रमाणात १७.५ मिलिमीटरच्या खडीएवढा भासतो. नदीची वाळू चाळून प्रतिकृतीवर शिंपडणारा कारागीर वाळू दाखवीत नसून दगडगोटे दाखवीत असतो. धुळीसाठी अतिसूक्ष्म रंगद्रव्यांची पूडच योग्य.

रंगाच्या बाबतीत एक रूढ समजूत तपासून घ्यावयास हवी. हवेच्या धूसरतेमुळे दूरची वस्तू फिकट दिसते, म्हणून प्रतिकृतीच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा, असे सांगण्यात येते. ५० सेंटिमीटरवरून पाहिलेली ही प्रतिकृती म्हणजे १७.५ मीटरवरून पाहिलेले यंत्र होय, आणि स्वच्छ हवेत इतक्या अंतरावर धूसरता नगण्य असते. रंग फिकट करावयाचा असेल तर त्याचे कारण ऊन अथवा धूळ यांत शोधावे, अंतरात नव्हे.

३. बांधणी

बांधणीचा क्रम यंत्राच्या रचनेनुसार ठेवावा : प्रथम सांगाडा व इंजिन, नंतर पट्ट्यांच्या चौकटी, दातेरी चाके व रूळ, त्यानंतर पाते, आणि सर्वांत शेवटी चिलखत. चिलखत आधी चिकटविल्यास आतील आसन व दांडे कायमचे झाकले जातात आणि एक महत्त्वाचा प्रयोग हातचा जातो. तो प्रयोग असा : प्रमाणातील मानवाकृती आसनावर बसवावी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक बारीक दोरा समोरच्या फटीतून ताणून जमिनीपर्यंत आणावा. दोरा जेथे जमिनीला लागतो तेथून यंत्रापर्यंतचा पट्टा चालकाला दिसत नाही. हे अंतर प्रतिकृतीत २० सेंटिमीटर भरल्यास प्रत्यक्षात ते ७ मीटर होते. चिलखताने चालकाला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, हे छायाचित्रावरून कळत नाही. दोऱ्याने मोजता येते. बाजूच्या व मागच्या फटींसाठीही हाच प्रयोग करून आंधळ्या क्षेत्राचा नकाशा काढावा.

पात्याची स्थितीही विचारपूर्वक ठरवावी. पोलादी दोराने पाते उचलण्याची रचना असेल तर दोर फक्त वर ओढू शकतो. पाते खाली येते ते स्वतःच्या वजनाने. चालक उतरण्यापूर्वी पाते जमिनीवर टेकवितो. म्हणून रिकाम्या आसनाबरोबर अधांतरी पाते दाखविणे अयोग्य. पाते उचललेले असेल तर दोर ताणलेला हवा. टेकलेले असेल तर तो किंचित सैल हवा.

४. झीज

कोऱ्या रंगावर जीर्णतेच्या खुणा उमटविणे हा या कलेतील सर्वांत आकर्षक आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा भाग होय. गंज, ओघळ व ओरखडे डोळ्यांना सुखावतात, आणि त्या मोहात काम करणारे यंत्र भंगारातले दिसू लागते. यावर उपाय एकच : प्रत्येक खुणेला तिची क्रिया विचारावी. घर्षण, गंजणे, गळती आणि साचणे या चार क्रियांखेरीज पाचवी सहसा लागत नाही.

घर्षण जेथे सतत चालू असते तेथे गंज टिकत नाही. पात्याची खालची कड, पट्ट्यावरील आडव्या कडांची टोके, रुळांचा मार्ग आणि दातेरी चाकाचे दात ही स्थळे उघड्या पोलादासारखी चकाकतात. मऊ शिसपेन्सिलीची पूड बोटाने घासून हा परिणाम उत्तम साधतो. पात्याच्या मध्यभागी माती वर चढून पुढे कोसळते. तेथे रंग उडून उभ्या दिशेने ओरखडे पडतात. आडवे ओरखडे तेथे निराधार ठरतात. यंत्र एक रात्र दमट हवेत उभे राहिले की चकाकत्या पोलादावर पातळ नारिंगी थर येतो, आणि काम सुरू होताच पुसला जातो. गडद तपकिरी, पापुद्र्यांचा गंज येण्यास दीर्घ काळ लागतो. तो चालू यंत्राच्या पात्यावर दाखवू नये. धुराड्यावर मात्र उष्णतेने रंग जळून लवकर गंज चढतो.

उडालेल्या रंगासाठी पुढील रीत सोयीची आहे. प्रथम धातूचा अथवा गंजाचा रंग देऊन त्यावर रोगणाचा हात द्यावा. तो वाळल्यावर केसांना मारावयाच्या स्प्रेचे दोन पातळ थर आणि त्यावर ॲक्रिलिकचा वरचा रंग द्यावा. मग पृष्ठभाग पाण्याने ओलसर करून ताठ केसांच्या कुंचल्याने हवा तेथेच घासावा. खालचा थर विरघळून वरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. सुटलेल्या तुकड्याचे मापही ध्यानात ठेवावे : अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील १७.५ मिलिमीटर.

रंग उडाल्यावर खाली काय दिसावे, हा प्रश्न इतिहासाचा आहे. कॅटरपिलरची नागरी यंत्रे डिसेंबर १९३१ पासून पिवळ्या रंगात मिळू लागली. त्यामुळे लष्करी हिरव्याखाली पिवळा दाखविण्याची प्रथा पडली आहे. परंतु कारखान्यातूनच लष्करी रंगात बाहेर पडलेल्या यंत्राखाली पिवळा थर येण्याचे कारण नाही. आणि नंतर बसविलेल्या चिलखताखाली तर तो मुळीच येऊ शकत नाही. १९४४ मध्ये ब्रिटिश वाहनांचा मूळ रंग तपकिरीऐवजी ऑलिव्ह हिरवा ठरविण्यात आला, हेही येथे लक्षात घ्यावे.

गळतीच्या खुणा इंधन भरण्याच्या तोंडाशी, दोराच्या रहाटाशी आणि जेथे वंगण द्यावे लागते तेथे येतात. डी-७ चे मोठे डिझेल इंजिन सुरू करण्यासाठी दोन सिलिंडरचे लहान पेट्रोल इंजिन असे. पेट्रोल चटकन उडून जाते. डिझेल मुरते आणि धूळ धरून काळसर डाग ठेवते. दोन्हींचे डाग सारखे रंगविणे म्हणजे या रचनेकडे दुर्लक्ष करणे होय.

५. माती : स्थळ आणि काळ

साचलेली माती प्रतिकृतीला स्थळ देते. पुण्याच्या परिसरात बेसॉल्टपासून झालेली काळी, चिकण माती आणि मुरूम या दोन्ही भेटतात. काळी माती ओली असता पट्ट्यांना गोळ्यांनी चिकटते आणि सुकताना भेगाळून करडी दिसते. मुरुमाची धूळ तांबूस-पिवळसर असून कोरडी बसते. राजौरीच्या डोंगरांत मरी गटाचे लालसर-जांभळे वालुकाश्म व शेल आहेत. तेथील धूळ निराळी. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फिकी वाळू आणि खारे पाणी. तेथे चिखलाच्या गोळ्यांऐवजी पाण्याची रेघ, मिठाचे पांढुरके डाग आणि ताजा नारिंगी गंज अपेक्षित असतो. त्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी उतरलेल्या यंत्राचा रंग पुष्कळसा नवाच असणार. पुण्यात सहज मिळते म्हणून मुळाकाठची माती नॉर्मंडीच्या यंत्राला लावणे ही सोय झाली, पुरावा नव्हे.

येथे एक मोह विशेषत्वाने सांगितला पाहिजे. राण्यांची कामगिरी आपल्या जिव्हाळ्याची, आणि चिलखती बुलडोझर नजरेत भरणारा. तेव्हा दोहोंना एका तळावर बसविण्याची इच्छा होते. परंतु प्रशस्तिपत्रात उल्लेख आहेत ते रणगाडे, कॅरिअर, सुरुंग, पाडलेली झाडे आणि फुटलेली मोरी यांचे. चिलखती डी-७ त्यात नाही. तो तेथे ठेवल्यास देखावा भरीव होईल, पण प्रसंगाचा अर्थ उलटा होईल. पोलादी कोठीत बसून वाट करणे आणि उघड्यावर गुडघे टेकून सुरुंग काढणे यांत अंतर आहे, आणि त्या सन्मानाचे कारण त्या अंतरातच आहे. संग्रहालयात येणारा विद्यार्थी प्रशस्तिपत्र वाचण्यापूर्वी प्रतिकृती पाहतो आणि जे पाहतो तेच पुढे स्मरतो. चुकीचे वाक्य पुढील आवृत्तीत दुरुस्त करता येते. काचेच्या पेटीतील चूक पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

६. नोंदपत्र

यास्तव अभ्यासासाठी केलेल्या प्रत्येक प्रतिकृतीबरोबर एक नोंदपत्र असावे. त्यात यंत्राचा प्रकार, प्रमाण, कल्पिलेले स्थळ, दिनांक व शक्य तर वेळ लिहावी. त्याखाली तीन रकाने करावेत : कागदपत्र अथवा छायाचित्र यांवरून घेतलेले तपशील, यंत्राच्या कार्यावरून अनुमानिलेले तपशील, आणि केवळ जागा भरण्यासाठी योजिलेले तपशील. पात्याची चकाकी दुसऱ्या रकान्यात जाईल, चिलखताचा आकार पहिल्यात, आणि दाराशी टांगलेली बादली बहुधा तिसऱ्यात. तिसरा रकाना लांबत चालला तर काम थांबवून पुन्हा साधनांकडे वळावे. खडकी व दापोडी येथे लष्करी अभियांत्रिकीची परंपरा जिवंत असलेल्या या शहरात, यंत्रे चालविलेल्या निवृत्त सैनिकांना प्रतिकृती दाखवून त्यांचे मत घेणेही अवघड नाही. ज्याने पाते चालविले आहे तो ओरखड्याची दिशा पाहताच ती बरोबर की चूक हे सांगतो. त्याचे उत्तर नोंदपत्राच्या पहिल्या रकान्यात, तारीख घालून, लिहून ठेवावे.